'बाजार-ए-हुस्न', 'आनंदी' आणि 'मंडी' : सुधारगृहाच्या दाराची कडी कोणत्या बाजूला?

उर्दू कथासाहित्यात तवायफ हे पात्र अपरिचित नाही. मिर्झा हादी रुसवा यांच्या 'उमराव जान अदा' (१८९९) या कादंबरीची नायिका लहानपणी पळवून आणलेली मुलगी आहे. पुढे ती आपल्या मूळ गावी येते तेव्हा आईचे मन द्रवते, परंतु भाऊ तिला घरात राहू देत नाही. रुसवांची कादंबरी या बंद दारापाशी थांबते. या स्त्रीचे पुढे काय व्हावे, तिला समाजात परत कोणी आणि कोणत्या अटींवर घ्यावे, हा प्रश्न विसाव्या शतकातील लेखकांनी हाती घेतला. प्रेमचंद यांची 'बाजार-ए-हुस्न', गुलाम अब्बास यांची 'आनंदी' ही कथा आणि तिच्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा 'मंडी' (१९८३) हा चित्रपट या तीन कृतींत त्याची तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. प्रस्तुत लेखात या तिन्ही कृतींचा विचार एका मर्यादित दृष्टीने केला आहे. ज्या स्त्रीला समाज गुन्हेगार मानतो तिला तुरुंगाऐवजी 'सुधारणे', 'पुनर्वसित करणे' म्हणजे नेमके काय, हा तो दृष्टिकोन. आज स्त्रीवादी पुनर्वसनाची भाषा महाविद्यालयांतील चर्चासत्रांत, महिला कक्षांत आणि समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत सर्रास ऐकू येते. ही भाषा नवी असली तरी तिच्यातील पेच जुना आहे, हे या कृतींवरून दिसून येते.

एका कादंबरीची दोन नावे

'बाजार-ए-हुस्न' प्रेमचंदांनी मूळ उर्दूत लिहिली. परंतु उर्दू प्रकाशक लवकर मिळाला नाही. त्यामुळे हिंदी रूप 'सेवासदन' या नावाने आधी, १९१९ च्या सुमारास, प्रसिद्ध झाले आणि उर्दू कादंबरी १९२४ मध्ये लाहोरच्या दारुल इशाअत या संस्थेने छापली. ही तीच संस्था, जिच्यातून मौलवी मुमताज अली आणि मुहम्मदी बेगम यांनी १८९८ पासून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांचे साप्ताहिक चालविले. पुढे गुलाम अब्बास यांनीही याच संस्थेच्या नियतकालिकांच्या संपादनात काम केले. म्हणजे येथे विचारात घेतलेल्या दोन्ही उर्दू कृतींची पाळेमुळे मुस्लिम स्त्रीशिक्षणाच्या एकाच चळवळीच्या आसपास आहेत. ही गोष्ट आपल्याकडील अध्यापनात सहसा सांगितली जात नाही.

दोन नावांतील फरक वरवरचा नाही. उर्दू नाव बोट दाखविते ते बाजाराकडे, म्हणजे जेथे रूपाला भाव आहे, गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइकांत शहरातील सभ्य मंडळी आहेत तिकडे. हिंदी नाव बोट दाखविते ते संस्थेकडे, म्हणजे उत्तराकडे. एक नाव विचारते की हा बाजार मांडला कोणी. दुसरे नाव सांगते की या स्त्रीला ठेवायचे कोठे. मराठी वाचकाला 'सेवासदन' हा शब्द आणखी निराळा ऐकू येतो. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेले आणि रमाबाई रानडे यांनी नेतृत्व केलेले सेवासदन त्याच्या डोळ्यांसमोर येते. तेथे स्त्रिया शिक्षिका, परिचारिका होण्यासाठी येत. त्या 'पतित' म्हणून येत नसत, विद्यार्थिनी म्हणून येत. नाव एकच, पण एका सदनात प्रवेशासाठी प्रायश्चित्त लागते आणि दुसऱ्यात केवळ शिकण्याची इच्छा. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

सुमन : एकामागून एक बंद दारे

कादंबरीची नायिका सुमन ही दारोगा कृष्णचंद्र यांची मुलगी. आयुष्यभर सचोटीने वागलेला हा अधिकारी मुलीच्या हुंड्यासाठी लाच घेतो, पकडला जातो आणि तुरुंगात जातो. सुमनचा विवाह मग गजाधर या गरीब आणि संशयी माणसाशी होतो. एके रात्री ती वकील पद्मसिंह यांच्या घरून उशिरा परतते. त्यांच्या घरी भोली या तवायफेचा मुजरा असतो. नवरा सुमनला घरातून घालवून देतो. ती पद्मसिंहांच्याच घरी आश्रयाला जाते. लोकापवादाच्या भीतीने हे सुधारक गृहस्थही तिला दूर करतात. तेव्हा दार उघडे राहते ते फक्त भोलीचे.

प्रेमचंदांची थोरवी या मांडणीत आहे. सुमनच्या स्वभावात ऐषआरामाची ओढ आहे, हे ते लपवीत नाहीत. पण तिला दालमंडीत पोचविणारी पावले ते एकेक करून मोजतात : हुंडा, लाच, विजोड विवाह, नवऱ्याचा संशय, सुधारकाचा भित्रेपणा. भोलीला मुजऱ्यासाठी सन्मानाने घरी बोलावणारा समाज सुमनला मात्र एका रात्रीच्या उशिरासाठी रस्त्यावर काढतो. गुन्हा कोणाचा, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

कादंबरीत एक तुरुंग आहे आणि एक आश्रमही आहे. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. बापाच्या शिक्षेला मुदत आहे. ती संपते आणि तो बाहेर येतो. मुलीवर कोणत्याही न्यायालयात खटला झालेला नाही, म्हणूनच तिच्या शिक्षेला मुदतही नाही. विठ्ठलदास हे सुधारक तिला दालमंडी सोडण्याची विनवणी करतात. निर्वाहाची सोय झाली तर बाजार सोडते, असे ती सांगते. विठ्ठलदास शहरातील प्रतिष्ठितांकडे वर्गणीसाठी फिरतात आणि बहुतेक ठिकाणांहून हात हलवीत परततात. ज्यांच्या पैशावर बाजार चालतो त्यांच्याकडे सुटकेसाठी पैसा नसतो. अखेरीस सुमन विधवाश्रमात येते, पण ओळख लपवून. ती ओळख उघड होताच आश्रमातील इतर स्त्रियांची चुळबुळ सुरू होते आणि तिला तेथूनही बाहेर पडावे लागते. बहीण शांता हिच्या संसारातही तिची उपस्थिती ओझे ठरते. शेवटी साधू झालेला तिचा नवराच तिला सेवासदनाची वाट दाखवितो. तेथे ती तवायफांच्या मुलींना शिकविते.

आपल्याकडे हा शेवट 'सुमनचा उद्धार' म्हणून शिकविला जातो. तो तसा आहे काय? सुमनला काम मिळाले, मान मिळाला, मुलींचे प्रेम मिळाले, हे खरे. परंतु तिला परतीची वाट मिळाली नाही. सदनाबाहेर कोणत्याही घरात तिला जागा नाही. शहराने स्वतःला बदलले नाही, फक्त सुमनसाठी एक स्वतंत्र जागा नेमून दिली. ती जागा प्रेमळ आहे, पण तिच्यातून बाहेर पडून कोठे जावे याचे उत्तर कादंबरीपाशी नाही. प्रेमचंदांनी कारणांचा शोध जेवढ्या निर्भयपणे घेतला तेवढ्या निर्भयपणे उपायाचा घेतला नाही. कारणे समाजात आहेत, असे पूर्वार्ध सांगतो. प्रायश्चित्त मात्र स्त्रीने घ्यावे, असे उत्तरार्ध सुचवितो.

नगरपालिकेचा ठराव

कादंबरीचा दुसरा धागा म्हणजे तवायफांना शहराच्या मध्यभागातून हलविण्याचा नगरपालिकेतील प्रस्ताव. मुस्लिम वाचकांसाठी हा भाग विशेष मननीय आहे. काही मुस्लिम सदस्यांना हा प्रस्ताव आपल्या समाजाविरुद्धचा डाव वाटतो. काही हिंदू सदस्यांना त्यात मालमत्तेच्या भाड्याचे नुकसान दिसते. दोन्ही बाजूंना विवेकी माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंना स्वार्थीही आहेत. प्रेमचंद येथे कोणत्याही एका जमातीला दोषी ठरवीत नाहीत. स्त्रियांच्या जगण्याचा प्रश्न मतांच्या आणि मालमत्तेच्या हिशेबात कसा हरवतो, हे ते दाखवितात.

या चर्चेत एक दुरुस्ती पुढे येते. ज्या स्त्रिया ठराविक मुदतीत विवाह करतील किंवा उपजीविकेचे एखादे हुन्नर शिकतील त्यांना या हुकुमातून वगळावे, अशी ती आहे. आजच्या परिभाषेत हा सशर्त पुनर्वसनाचा कार्यक्रमच होय. त्यातील सद्हेतू नाकारता येत नाही, कारण केवळ हाकलून देण्यापेक्षा ही सूचना निश्चितच माणुसकीची आहे. परंतु पर्याय दोनच : नवरा किंवा हुन्नर, तेही मुदतीत. नवरा कोण होणार, हुन्नर कोण शिकविणार, शिकलेल्या स्त्रीकडून माल कोण विकत घेणार, याची हमी ठरावात नाही. जबाबदारी सारी स्त्रीची, मुदत नगरपालिकेची. तवायफांची सभाही कादंबरीत भरते, परंतु निर्णय आधीच झालेला असतो. त्यांना विचारले जाते ते निर्णय कसा पाळावा एवढेच.

'आनंदी' : हद्दपारीचे वर्तुळ

गुलाम अब्बास यांची 'आनंदी' ही कथा अशाच एका ठरावाने सुरू होते आणि तशाच ठरावाने संपते. नगरपालिकेच्या सभेत जोरदार भाषणे होतात. बाजारी स्त्रियांमुळे शहराची अब्रू धोक्यात आहे, यावर एकमत होते आणि त्यांना शहरापासून सहा कोसांवर ओसाड जागा दिली जाते. घरे बांधायला मजूर येतात, मजुरांसाठी दुकाने येतात, पडक्या मशिदीची डागडुजी होते, मजारीवर दिवे लागतात. पाहता पाहता त्या स्त्रियांभोवती एक गाव आणि मग एक भरभराटीचे शहर उभे राहते. वीस वर्षांनी त्या नव्या शहराची नगरपालिका सभा भरविते. विषय तोच. या खेपेस जागा बारा कोसांवर ठरते.

अब्बास यांच्या कथेत कोणी सुमन नाही. एकाही स्त्रीच्या मनात लेखक शिरत नाही. हा दोष मानला गेला तर नवल नाही, परंतु कथेचे सामर्थ्य नेमके त्यातच आहे. सारी कथा इतिवृत्ताच्या तटस्थ सुरात चालते, कारण नगरपालिकेलाही त्या स्त्रियांच्या मनाशी कर्तव्य नाही. प्रेमचंदांकडे सुधारक चुकतो, लाजतो, पस्तावतो. अब्बास यांच्याकडे त्याला पस्तावायला सवडच नाही. पतित कोण, या प्रश्नाला कथा उत्तर देत नाही. ती फक्त वर्तुळ पूर्ण करून दाखविते. समाजाला बाजार नको असे नाही, त्याला बाजार दृष्टीआड हवा आहे, हा निष्कर्ष वाचकाने स्वतः काढावयाचा.

'मंडी' : नारी निकेतनातून पलायन

बेनेगल यांनी या कथेचा सांगाडा घेऊन त्यात माणसे भरली. हैदराबाद परिसरातील दख्खनी वळणाच्या बोलीने चित्रपटाला एक खास स्वाद आला आहे. कोठ्याची मालकीण रुक्मिणीबाई (शबाना आझमी), गायिका झीनत (स्मिता पाटील), नोकर तुंगरूस (नसिरुद्दीन शाह), जमिनीवर डोळा ठेवणारे व्यापारी आणि नीतीची मोहीम चालविणाऱ्या समाजसेविका शांतिदेवी, असा हा पट आहे. मूळ कथेत नसलेली एक संस्था येथे प्रवेश करते. ती म्हणजे नारी निकेतन.

फूलमणी ही मूकबधिर मुलगी फसवणुकीने कोठ्यावर विकली गेली आहे. सुटकेची खरी गरज कोणाला असेल तर तिला. तिला बोलता येत नाही, ही योजना अर्थपूर्ण आहे. तिला काय हवे, हे कोठ्यावर कोणी विचारीत नाही आणि सुधारकही विचारीत नाहीत. ती नारी निकेतनात पोचते आणि चित्रपटाच्या अखेरीस तेथून निसटून रुक्मिणीबाईकडे धावत येते. या दृश्याचा अर्थ कोठा हेच तिचे खरे घर, असा लावणे भाबडेपणाचे ठरेल. रुक्मिणीबाईचे प्रेम आणि तिचा धंदा यांना वेगळे करता येत नाही, हे चित्रपट क्षणभरही विसरू देत नाही. या पलायनातून एवढेच सिद्ध होते की जी संस्था शोषणाहूनही अधिक परकी वाटते तिने पुनर्वसनाचा दावा करू नये. चित्रपटाचा सूर विनोदी असल्यामुळे ही टीका अनेकदा नजरेआड झाली आहे.

कायद्यातील 'पर्याय'

या तीन कृतींतील कल्पना वास्तवापासून किती दूर आहेत? भारतात १९५६ चा अनैतिक व्यापारविषयक कायदा, ज्याला बोलीभाषेत 'पिटा' म्हणतात, या प्रश्नाचे नियमन करतो. त्यातील १९७८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १०-अ मुद्दाम वाचण्यासारखे आहे. सार्वजनिक जागेत व्यवसाय करणे किंवा गिऱ्हाईक बोलावणे या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरलेल्या स्त्रीला न्यायालय कारावासाऐवजी सुधारसंस्थेत ठेवण्याचा आदेश देऊ शकते. हेतू स्तुत्य, म्हणजे शिक्षेऐवजी सुधारणा. परंतु गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल पहिल्या वेळचा कारावास जास्तीत जास्त ६ महिन्यांचा आहे, आणि सुधारसंस्थेतील मुदत किमान २ वर्षे व जास्तीत जास्त ५ वर्षे आहे. ६ महिन्यांनंतर परवान्यावर सोडण्याची तरतूद आहे खरी, पण तो निर्णय शासनाचा, स्त्रीचा नव्हे. गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या पुरुषाला याच कलमाखाली ७ दिवस ते ३ महिने एवढीच कैद आहे आणि त्याला 'सुधारण्या'ची कोणतीही योजना नाही. तुरुंगाला दिलेला पर्याय तुरुंगापेक्षा लांब असावा आणि तो केवळ स्त्रीसाठी असावा, ही गोष्ट गुलाम अब्बास यांच्या उपरोधालाही मागे टाकणारी आहे.

संस्थांच्या अंतर्गत स्थितीबद्दलही पुरावे आहेत. १९८१ मध्ये उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या प्राध्यापकांनी आग्रा येथील संरक्षणगृहातील अमानुष परिस्थितीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्याचीच याचिका झाली. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थेत ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांची मुक्तता केली आणि सज्ञान स्त्रीला आपल्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही, हे स्पष्ट केले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा गृहांची पाहणी करण्यास आणि मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे मुदतीत निकाली काढण्यास सांगितले. विठ्ठलदासांच्या आश्रमानंतर शंभर वर्षांनी न्यायालयाला हे सांगावे लागले.

मराठी साहित्यातही या प्रश्नाचे एक मोठे साक्षीपत्र आहे. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर यांनी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या सोलापूर येथील वसाहतीत काम केले आणि त्या अनुभवातून 'बळी' (१९५०) ही कादंबरी लिहिली. तेथेही उद्दिष्ट सुधारणेचेच होते. शाळा होती, काम होते आणि सभोवती तारेचे कुंपण होते. कुंपणाच्या आत काम केलेल्या स्त्रीनेच कुंपणाविरुद्ध साक्ष द्यावी, याचे मोल मोठे आहे. 'बाजार-ए-हुस्न' आणि 'बळी' या कादंबऱ्या एकत्र अभ्यासाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, १९१७-१८ च्या लेखकाला आजच्या स्त्रीवादाच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. यात तथ्य आहे. परंतु हे माप कादंबरीबाहेरून आणलेले नाही. दार कोणी बंद केले, हा प्रश्न स्वतः प्रेमचंदांनीच पूर्वार्धात उभा केला आहे. उत्तरार्धाला तोच प्रश्न विचारणे म्हणजे लेखकाला त्याच्याच मापाने मोजणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संस्थाच नकोत म्हटले तर फसवून आणलेल्या अल्पवयीन मुलींनी जावे कोठे? हा आक्षेप पूर्णतः मान्य केला पाहिजे. फूलमणीला सुरक्षित छत हवेच होते. अल्पवयीन मुलीची सुटका आणि सज्ञान स्त्रीची स्थानबद्धता या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत, आणि कायद्याच्या अंमलबजावणीत नेमके तेच होत आले आहे. शिवाय तुरुंग बरा असेही कोणी म्हणणार नाही. तक्रार पुनर्वसनाबद्दल नाही, ती त्याच्या नावाखालील कोंडवाड्याबद्दल आहे.

धार्मिक दृष्टीनेही येथे एक गोष्ट नोंदविणे उचित ठरेल. 'इस्लाह' हा शब्द आपल्या समाजात स्त्रीच्या संदर्भात फार सहज वापरला जातो. सूरा अन्-नूरच्या ३३ व्या आयतीत मात्र मनाई स्त्रीला नाही, तिला या मार्गाला लावण्याची बळजबरी करणाऱ्याला आहे. जिच्यावर बळजबरी झाली तिच्यासाठी तेथे क्षमेचे आश्वासन आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या वेश्येला क्षमा मिळाल्याची हदीसही सर्वश्रुत आहे. तिला क्षमेपूर्वी कोणत्याही आश्रमात ठेवले गेले नव्हते.

समारोप

या तीन कृतींतून पुनर्वसनाच्या कोणत्याही कार्यक्रमाला विचारण्यासारखे तीन प्रश्न हाती लागतात. निर्णयाच्या वेळी ती स्त्री सभेत होती काय? निर्वाहाची हमी कोणी घेतली, आणि ती संस्थेबाहेर पडल्यावरही टिकते काय? आणि दाराची कडी आतून उघडते काय? सांगलीत १९९६ मध्ये या व्यवसायातील स्त्रियांनीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही संघटना उभी केली. तेथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले. बेळगाव-निपाणीकडील वाचकांना हे ठिकाण परके नाही. त्या संघटनेच्या सर्व भूमिका सर्वांना पटतील असे नाही, आणि धार्मिक वृत्तीच्या वाचकाला तर अनेक बाबतींत मतभेद असणारच. परंतु सभेत त्या स्त्रिया स्वतः बसलेल्या आहेत, हे प्रेमचंदांच्या नगरपालिकेला साधले नव्हते.

महाविद्यालयीन वर्गात 'सेवासदन' शिकविताना सुमनचा उद्धार झाला, असे लिहून देणे सोपे असते आणि परीक्षेच्या दृष्टीने सोयीचेही. विद्यार्थिनींपैकी एखादीने उलट विचारले की, सर, मग सुमन परत घरी का गेली नाही, तर त्या प्रश्नाला अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून टाळता कामा नये. 'बाजार-ए-हुस्न' हे उर्दू नाव तोच प्रश्न शंभर वर्षे विचारीत आले आहे.